दक्षिणेची खोली

इंदोचं आधी सांगतो, मग काय झालं ते. इंदो म्हणजे तिकडच्या बोलीत आई. सगळं गाव तिला तसंच म्हणायचं, म्हणून मीही म्हणायला लागलो. तिनं मला घरात जागा दिली. जेवू घातलं, आणि मी जेवण सोडलं तेव्हा पुन्हा पानावर बसवलं. सगळ्यांत मोठं म्हणजे माझी माय गेल्यावर तिनं मायीलाही बसायला जागा दिली. हे वाचून कुणाला वाटेल, हा डोक्यावर पडलाय. माझ्या दादाला वाटलंच होतं.

मी कुरुंद्याकडचा. आमच्या शिवारात सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचं पाणी येतं आणि त्या पाण्यावर हळद होते. शाळा मी आठवीतच सोडली. मास्तरांनी हजेरीला नुसतं नाव घेतलं तरी मी दप्तरात तोंड घालायचो. हळदीच्या कुकरपाशी मात्र कधी भीती वाटली नाही. कुकर म्हणजे वाफेवर हळद शिजवायचे मोठे लोखंडी ड्रम. ते काम मला जमलं. पुढं आमच्या भागातल्या एका व्यापाऱ्यानं इंडोनेशियात, सुलावेसी बेटावर, तिथल्या एका भागीदाराबरोबर धंदा मांडला. कुकर जहाजानं गेले आणि ते चालवून दाखवायला मागून मी गेलो.

"काहून चाललास एवढ्या लांब?" माय म्हणाली. "इथं काय तकलीफ हाय तुला?"

तकलीफ काही नव्हती. शेत दोघा भावांना पुरणारं नव्हतं, एवढंच. ते तिलाही ठाऊक होतं. निघताना तिनं पिशवीत ज्वारीचं पीठ आणि लसणाची चटणी कोंबली आणि सांगितलं, "दक्षिणेकडं पाय करून झोपू नको. परका मुलूख हाय, आधी दिशा इचारून घे."

समुद्रकाठच्या शहरातून बस रात्रभर डोंगर चढत गेली. सकाळी उतरलो तेव्हा गाव दिसेचना, ढगात होतं. ढग सरकला तशी भाताची खाचरं दिसली, डोंगराच्या अंगावर पायऱ्या पायऱ्यांनी गेलेली. बांबूची बेटं, कॉफीची झाडं, आणि घरं अशी की छपराच्या जागी कुणी होडी ठेवून दिली आहे. पोरं रेड्यांना नदीत घासून आंघोळ घालत होती. लेकराला घालावी तशी. बाया पान खाऊन, तोंड लाल करून ओट्यावर बसलेल्या. पान, सुपारी, चुना बघितला आणि मला जरा धीर आला. लोक तोराजा जमातीचे, सगळे चर्चला जाणारे, आणि बोलायचे हळू. आमच्याकडं बांधावरून हाक मारली की दुसऱ्या शिवारात ऐकू जाते. इथं शेजारी बसलेला माणूस काय म्हणाला ते पुन्हा विचारावं लागायचं.

इंदोच्या अंगणात हळद वाळवायची आणि तिच्याच घरी मी राहायचं, असं भागीदारानं ठरवलेलं होतं. इंदो विधवा, साठीच्या आसपासची, बुटकी, कंबरेला लुंगी. तिचं बोलणं मी आमच्याच बोलीत लिहितो. मला ते तसंच ऐकू यायचं.

पहिल्या दिवशी ती मला सरळ घरातल्या दक्षिणेच्या खोलीच्या दाराशी घेऊन गेली. आत अंधार, एक दिवा, पलंगावर कुणीतरी पांघरूण घेऊन झोपलेलं. ती दारातून म्हणाली, "बाबा, हा इंडियाचा हळदीवाला आलाय. आपल्याकडं राहील. पोरगं भित्रं दिसतंय, रागवू नका त्याच्यावर." मग मला म्हणाली, "माझे वडील. आजारी आहेत."

मी हात जोडले.

चर्चच्या वरच्या वळणावर गेलं की फोनला रेंज यायची. तिथून मायीला सगळं सांगितलं. तिनं पहिलं विचारलं ते म्हाताऱ्याचं. "काय झालंय त्याला? खोकला हाय का? हळद-दूध देत जा. हळदीवाल्याच्या घरातलं माणूस तू, परक्याच्या घरी आजारी माणूस असल्यावर नुसतं बसून राहतो व्हय?"

गावात दूध कुणी पीत नाही. मी दुकानातून डब्यातलं गोड दूध आणलं, आपली हळद घातली, उकळलं. इंदोला इतका आनंद झाला की तिनं मलाच कप घेऊन आत पाठवलं. मी पलंगाजवळ गेलो. उशाशी आधीच कॉफीचा कप होता, पूर्ण भरलेला, वर साय धरलेली. ताटलीत भात तसाच. एक सिगारेट. आणि एक वास, औषधाचा, शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीतल्या बेडकाला यायचा तसला. मग मी तोंडाकडं बघितलं.

कप सांडला नाही, हे कसं ते मला आजही सांगता येणार नाही. ठेवला आणि बाहेर आलो. त्या रात्री माझं अंथरूण अंगणातल्या, खांबांवर उभ्या भाताच्या कणगीखालच्या ओट्यावर होतं, थंडीत.

सकाळी इंदो खाली आली. "इथं काहून झोपलास?"

मी खोलीकडं बोट दाखवलं.

"बाबाला भिलास?" ती हसायला लागली. "अरे, धडधाकट होते तेव्हा भ्यायचं. घोरणं असं की शेजारचे रेडे उठायचे. आता तर बिचारे हूं की चूं करत नाहीत."

मग तिनं समजावलं. तिच्या लोकांत जीव गेला म्हणून माणूस लगेच मेला असं धरत नाहीत. तो आजारी. मोठा विधी होईपर्यंत घरातच राहणार, दोन वेळा ताट, सकाळी कॉफी, दिवा विझू द्यायचा नाही, त्याच्यापुढं भांडायचं नाही. आणि विधी सगळी लेकरं जमल्याशिवाय होत नाही. तिचा एक भाऊ पापुआत खाणीवर होता, एक बोर्निओत, बहीण मलेशियात कामाला. त्यांचं जमेना म्हणून म्हातारा थांबलेला. "त्यांना सोडून कसे जातील?" ती म्हणाली. जणू बसची वाट बघणाऱ्या माणसाबद्दल बोलते आहे.

मी घरात परत झोपायला गेलो, पण पाय उत्तरेला करून, आणि मधल्या लाकडी भिंतीपासून जितकं लांब सरकता येईल तितकं सरकून. रात्री लाकूड वाजायचं. थंडीनं वाजतं हे मला कळत होतं.

मायीला खरं काही सांगितलं नाही. ती घाबरली असती. रोज तिचा प्रश्न असायचा, "म्हातारं कसं हाय?" मी म्हणायचो, "हाय तसंच हाय." ती म्हणायची, "म्हातारपणाचं दुखणं लवकर हटत न्हाई. तू आपला इचारत जा." एकदा इंदो माझ्यासोबत वळणावर आली होती. तिनं फोन घेतला आणि दोघी बोलल्या. माय मराठीतून, इंदो तोराजातून. माय विचारत होती, "जेवतंय का पोरगं?" आणि इंदो सांगत होती, माझ्या मते, की पोरगं डुकराचं खात नाही, मग अंगात ताकद कुठून येणार. दोघीही एकमेकींना व्हय व्हय करत होत्या.

आषाढात आमच्याकडं झड लागली होती. तिकडं तो कोरडा हंगाम, हळद निघायचे दिवस. दुपारी ढग खाली उतरायचे म्हणून आम्ही सकाळीच ताडपत्र्या पसरायचो. मी हळद उलथत होतो तेव्हा भागीदाराचा माणूस मोटारसायकलवर आला. दादा सकाळपासून फोन करत होता आणि माझा लागत नव्हता, म्हणून व्यापाऱ्यानं भागीदाराला, भागीदारानं त्याला सांगितलं होतं. मी पळत वळणावर गेलो.

"छातीत दुखतंय म्हणली," दादा म्हणाला. "दारात बसली ती बसलीच रे."

"मी येतो. तोवर ठेवा तिला."

दादा मग म्हणाला, "उरकलं. पाऊस जरा उघडला होता. काका म्हणले, परत झड लागली तर लाकडं पेटायची न्हाईत. तू पोचणार कधी अन्‌ आमी ठेवणार कसं?"

तो चुकला नव्हता. माझा पासपोर्टही तेव्हा परवान्यासाठी खालच्या शहरात कचेरीत अडकला होता. निघालो असतो तरी निघता आलं नसतं. मी परत आलो आणि राहिलेली हळद उलथली. ढग यायच्या आत ती उलथायला पाहिजे होती.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. हे मला फोनवरच कळलं, कारण त्यासाठीच दादानं व्हिडिओ फोन लावला. आमच्यात पिंडाला कावळा शिवला म्हणजे गेलेल्याची इच्छा उरली नाही, जीव मोकळा झाला. शिवला नाही तर घरचे एकेक जण पुढं होऊन सांगतात, तुझं अमुक करू, काळजी करू नको. पडद्यावर बाभळ दिसत होती, तिच्यावर कावळा, आणि खाली पानावर भाताचा गोळा. दादानं सांगून झालं होतं, धाकट्याला अंतर देणार न्हाई. बहिणीनं रडून झालं होतं. कावळा मान वाकडी करून बसलेला.

मागून काकाचा आवाज आला. "तिचा जीव धाकट्यात अडकलाय. लाव त्याला पुढं."

दादानं फोन पिंडाकडं धरला. "बोल. सांग येतो म्हणून."

"माय," मी म्हणालो, "मी येऊन राहिलो..." आणि तेवढ्यात डोंगरावरनं ढग उतरला. चित्र थांबलं. बाभळ, कावळा, भात, तिथंच. माझा आवाज पोचला की नाही कळलं नाही. मी वळणावर उभा राहिलो, वर चढलो, खाली आलो. संध्याकाळी दादाचा एक शब्द आला. शिवला.

मला ते खरं वाटलं नाही. पुढं वहिनींशी बोलताना मी नुसतं म्हणालो, "शेवटी आला म्हणायचा." त्या भोळ्या बाईनं सांगून टाकलं, "कशाचं भावजी! गुरुजींनी दर्भाचा कावळा करून लावला. पाऊस आला होता ना."

तिथून माझं बिघडलं. माय कुठं तरी मधेच आहे, आणि वाट बघते आहे ती माझी, हे डोक्यातून जाईना. भिंतीपलीकडं लाकूड वाजलं की वाटायचं ती हळकुंडं निवडते आहे, सुपात टाकताना होतो तसला आवाज. हाक मारेल असं वाटायचं आणि मारत नाही म्हणूनही भीती वाटायची. घास तोंडाजवळ नेला की मनात यायचं, ती उपाशी असेल. मी सकाळी केळीच्या पानावर भात घेऊन खाचराच्या टोकाला ठेवायला लागलो. त्या गावात मला कावळा कधी दिसलाच नव्हता, तरी ठेवायचो. थोडं लांब जाऊन बसायचो. कोंबड्या यायच्या.

एका सकाळी इंदो मागं येऊन उभी राहिली. "माझ्या कोंबड्यांवर एवढी माया कशापायी? स्वतः जेवत नाहीस आणि त्यांना शिजवलेला भात?"

मला सांगताच येईना. मोडकंतोडकं बोललो, हातानं पक्षी करून दाखवला, पिंड दाखवला, फोन दाखवला. माय गेली नाही, असं तिच्या भाषेत सांगितलं आणि मला रडू आलं.

इंदोनं ऐकून घेतलं. तिला त्यात काही वेगळं वाटल्याचं दिसलं नाही. "बरोबर आहे," ती म्हणाली. "तू घरी गेला नाहीस तर ती कशी जाईल? आई आहे ना?"

"पण ती अडकली..."

"अडकली काय, थांबलीय. थांबलेल्या माणसाला उन्हात उभं करतोस? कोंबड्यांत जेवायला घालतोस? चल."

तिनं मला दक्षिणेच्या खोलीत नेलं. म्हाताऱ्याच्या उशाशी दुसरा कप ठेवला, कॉफीत साखर घालून, आणि त्यांना सांगितलं, "बाबा, हळदीवाल्याची आई आलीय. तिनंच तुमच्याकरता दूध पाठवायला लावलं होतं. जरा सरका, तिला जागा द्या." मग माझ्याकडं वळली. "आता तू बाहेर बस आणि जेव. तुझ्या आईला भूक लागली तर मी आहे."

मी जेवलो. तिनं भातावर मिरचीचं काहीतरी तिखट घातलं होतं, त्यामुळं डोळ्यांतून पाणी येतंय असं म्हणता आलं.

पुढचे दिवस रोज दोन कप. माझी भीती गेली नाही. उलट काही वेळा वाटायचं, भिंतीपलीकडं आता दोघं आहेत, आणि मी श्वास धरून ऐकायचो. पण ती कुठं आहे हे तरी ठाऊक होतं. दिव्याजवळ होती. इंदो तिला दुपारी गावातल्या गप्पा सांगायची, कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून पळाली. मला बाहेर ऐकू यायचं.

दादाला मी सांगितलं. सांगायला नको होतं.

"येड लागलं का तुला?" तो ओरडला. "चर्चवाल्यांच्या घरात, मढ्याशेजारी मायीला बसवून राहिला? ती सुटली असंल तर तूच धरून ठेवली तिला. सोड तिला, लेका!"

हे मला जास्त लागलं. कारण तो म्हणाला तेच मीही रात्री म्हणत होतो. आता कप बंद करायला सांगितलं तर ती पुन्हा उघड्यावर. चालू ठेवला तर मी तिला बांधून ठेवतो आहे. इंदोला विचारलं तर ती म्हणाली, "भाऊ तुझा खरं बोलतो. कायमचं आजारी कुणाला ठेवत नाहीत. मी सांभाळीन, पण पोचवायचं तुला आहे. घरी जा."

भागीदार सोडेना. हंगाम चालू आहे, पासपोर्ट आल्यावर बघू, नंतर बघू. पासपोर्ट आला तरी तो नंतरच म्हणत राहिला. तेव्हा एका सकाळी इंदो उठली, अंगणातल्या ताडपत्र्या हळदीसकट गुंडाळल्या आणि त्या गुंडाळीवर पान खात बसली. भागीदार आला. तो तिच्या पुतण्याच्या वयाचा.

"इंदो, हे काय? माल काळा पडेल!"

"पडू दे. हा पोरगा आईला घरी घेऊन चाललाय. तो जाऊन येईपर्यंत माझ्या अंगणात हळद वाळत नाही."

"आईला? कुठल्या आईला?"

"आत आहे," इंदो म्हणाली. "विचारायचं तर जा, विचार."

तो आत गेला नाही. त्यालाही ठाऊक होतं, दक्षिणेच्या खोलीत कुणाशी हुज्जत घालत नाहीत. माझं तिकीट निघालं.

निघायच्या दिवशी इंदोनं मला खोलीच्या दारात उभं केलं आणि मोठ्यानं बोलायला लावलं. मी म्हणालो, "माय, चल, गावाकडं जायचं." लाज वाटली आणि अंगावर काटाही आला. बसमध्ये शेजारची जागा रिकामी होती. मी तिथं पिशवी ठेवली नाही.

पोचलो तेव्हा पितरपाट चालू होता. घराघरांतून पितरांना जेवू घातलेलं, गावचे कावळे वडे-भजी खाऊन तट्ट. दादा म्हणाला, "आता कोण शिवतंय तुझ्या गोळ्याला!" तरी तो आला नदीवर. गुरुजी नव्हते, आम्ही दोघंच. मी भात ठेवला. काय बोलावं ते विमानात ठरवलं होतं, ते आठवेना. बाभळीवर कावळे होते, एकही हालत नव्हता.

"बघ," दादा म्हणाला. "उगं मनाला लावून घेतो तू. तवाही घेतलं, आताही."

"तुमी खोटं कळवलं म्हणून."

"मग काय कळवायचं होतं? तिकडं एकटा तू, डोंगरात! माय अडकली म्हणून सांगू? खाईत उडी मारली असती म्हणजे?" त्याचा आवाज फाटला. "मीबी झोपलो न्हाई तवापासून. तुला काय वाटतं, मला माहीत न्हाई ती कुणाची वाट बघत होती? दारात बसली तवा तुझाच फोन यायचा होता."

हे तो पहिल्यांदाच बोलत होता. मी काही तरी म्हणालो, तो उलट बोलला, आम्ही चिखलात उभं राहून भांडत होतो आणि रडत होतो. कधी तरी दादाची नजर माझ्या मागं गेली आणि तो गप्प झाला. मी वळलो. पानावर कावळा होता. गोळा फोडून निवांत खात होता. कधी उतरला ते दोघांनीही बघितलं नाही.

तो भुकेला होता की माय होती, हे मी कुणाला विचारलं नाही. दादानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही घरी आलो. त्या रात्री मी झोपलो.

नाताळच्या सुट्टीत इंदोची सगळी भावंडं जमली. मी परत डोंगरावर होतो. म्हाताऱ्याला लाल कापडात गुंडाळून बाहेर काढलं तेव्हा खेड्यापाड्यांतून माणसं आली, पुरुष एकमेकांची करंगळी धरून गोल उभे राहिले आणि खर्जात गायला लागले. तो आवाज अजून कानात घुमतो, काही वेळा कुकरच्या वाफेतही येतो. त्या दिवसापासून ते आजारी नव्हते. मेले होते. इंदो तोवर कधी रडताना दिसली नव्हती, त्या दिवशी रडली.

सगळे गेल्यावर ती दक्षिणेची खोली झाडत होती. मला बघून म्हणाली, "पोचवलीस ना आईला नीट?"

"पोचवली."

"बरं झालं. आता खोली मोकळी. पुढची पाळी माझी." ती केरसुणीला टेकून हसली. "माझी लेकरं येतील. तुझं काय? तू त्या वेळी इंडियात असणार, हळद शिजवत."

मी म्हणालो, "मी येईन."

"तोवर आजारी राहू म्हणतोस?"

"राहा."

ती केर भरायला लागली. तिनं माझ्यासाठी जे केलं त्याची फेड मला एका जन्मात कशी जमेल ठाऊक नाही. मायीच्या वेळी मी पोचलो नाही. इंदोच्या वेळी पोचेन. कुठंही असलो, कुणी सोडो न सोडो, निरोप आला की निघेन. तिच्या उशाशी कप ठेवेन, तिच्याशी माझ्या बोलीत बोलेन, आणि तिला बाहेर काढतील तेव्हा माझा खांदा तिथं असेल. मी आल्याशिवाय त्यांनी विधी सुरू करू नये, एवढं तिच्या लेकरांना मी आत्ताच सांगून ठेवलंय.